निर्वासितांचा कुलवृत्तान्त : उल्हासनगरच्या सिंधी घराण्यांची साधने

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचा काल शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० असा आहे. ज्या उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राजवटीत हे मंदिर उभे राहिले, ते राजे आपल्या ताम्रपटांतून स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. उत्तर कोकणच्या ह्या राजांची सत्ता तगरावर नव्हती. तरीही आपले घराणे मूळचे त्या श्रेष्ठ नगरीचे, हे सांगणारे बिरुद त्यांनी पिढ्यानुपिढ्या सोडले नाही. गाव सुटले तरी गावाचे नाव घराण्याला चिकटून राहते, ह्याचा ह्या परिसरातील हा फार जुना पुरावा होय.

ह्याच मंदिराच्या शेजारी, सुमारे नऊशे वर्षांनी, दुसरे एक स्थलांतरित लोक येऊन राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ जी लष्करी छावणी उभारली होती, तिच्या रिकाम्या बराकींत १९४७ च्या अखेरीपासून सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि 'कल्याण कॅंप'चे 'उल्हासनगर' झाले. १९५१ च्या जनगणनेत ह्या नगराची लोकसंख्या ८०,००० हून अधिक भरली. इतक्या अल्पावधीत इतकी घराणी आपल्या गावांपासून, घरांपासून आणि दप्तरांपासून एकदम तुटून एका ठिकाणी आल्याचे दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात नाही. अशा घराण्यांचा कुलवृत्तान्त कोणत्या साधनांवरून लिहावा आणि ती साधने कशी वाचावीत, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. मराठी कुलवृत्तान्ताची घडण

महाराष्ट्रात कुलवृत्तान्त हा वाङ्मयप्रकार अपरिचित नाही. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपले वृत्तान्त छापून प्रसिद्ध केले. त्यांची मांडणी बहुधा ठराविक असते. प्रथम गोत्र व कुलदैवत, मग मूळ गाव व मूळ पुरुष, त्यानंतर शाखांचा विस्तार आणि शेवटी वंशवृक्ष. ह्या मांडणीचा कणा म्हणजे मूळ गाव. मराठीतील 'कर' प्रत्ययान्त आडनावे गावावरूनच पडलेली आहेत. गावात जमीन असते, वतन असते, देऊळ असते. आणि ह्या तिन्हींविषयी कागद होतात. ज्याचे गाव हाती लागले, त्याचे अर्धे दप्तर हाती लागले असे समजावयास हरकत नाही.

कुळगाव-बदलापूरच्या शेतकरी घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्यास ही सोय आजही आहे. सात-बाराचा उतारा जमीन कोणाच्या नावे आहे हे सांगतो. गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, ती त्याच्या नावे कशी आली हे सांगते. आणि वारसा प्रकरणांची नोंदवही खातेदाराच्या मृत्यूनंतर मागे कोण राहिले हे सांगते. फेरफार उलट क्रमाने वाचीत गेले की वंशावळ आपोआप तयार होते. मराठीत 'कुळ' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वंश, दुसरा जमीन कसणारा. ह्या गावांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच कागदावर एकत्र येतात.

उल्हासनगरच्या घराण्यांना ही वाट बंद आहे. त्यांची जमीन, घरे, दुकाने आणि त्यांविषयीचे मूळ दप्तर सीमेपलीकडे राहिले. उल्हासनगरातील त्यांचा पहिला पत्ता म्हणजे कॅंपचा क्रमांक, बराकीचा क्रमांक आणि खोलीचा क्रमांक. हा पत्ता अनेक कुटुंबांत आजही चालू आहे. लांबलचक बराकीत गोणपाटाचे वा कापडाचे आडोसे बांधून कुटुंबे राहिली. शेजार नातेसंबंधाने ठरला नाही, जागेच्या वाटपाने ठरला. तेव्हा पत्त्यावरून कुळ शोधण्याची मराठी रीत येथे लावली, तर ती बराकीच्या भिंतीपाशी थांबते. ह्यावरून 'ह्या लोकांना इतिहास नाही' असा समज आसपासच्या वस्तीत रूढ झाला असेल, तर तो चुकीचा आहे. इतिहास आहे, तो निराळ्या जागी ठेवलेला आहे.

२. स्थलांतराची रूपरेषा

सिंध प्रांताची पंजाब व बंगालप्रमाणे फाळणी झाली नाही. तो समग्र पाकिस्तानात गेला. १९४१ च्या जनगणनेप्रमाणे तेथील लोकसंख्येत एक चतुर्थांशाहून काहीसे अधिक लोक हिंदू होते आणि शहरांत त्यांचे प्रमाण बरेच मोठे होते. ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांतील पुष्कळांनी घरे सोडली नव्हती. परंतु १७ डिसेंबर १९४७ रोजी हैदराबाद (सिंध) येथे व ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगली झाल्या आणि निर्गमनाचा वेग एकदम वाढला. १९४८ च्या मध्यापर्यंत सुमारे दहा लाख लोक सिंध सोडून आले. काही मीरपूरखासहून जोधपूरकडे जाणाऱ्या रेल्वेने आले; बरेचसे कराचीहून आगबोटीने ओखा, पोरबंदर, वेरावळ आणि मुंबई ह्या बंदरांत उतरले.

कुलवृत्तान्ताच्या दृष्टीने ह्या घटनाक्रमातील दोन गोष्टी लक्षात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, एकाच घराण्याच्या शाखा निरनिराळ्या बंदरांत उतरल्या. एक भाऊ उल्हासनगरात, दुसरा अजमेरात, तिसरा कांडल्याजवळच्या नव्या वसाहतीत, असे विखुरणे सामान्य होते. दुसरी गोष्ट अशी की, हे लोक एका अर्थाने आपल्याच जुन्या प्रांताच्या राजधानीकडे आले. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडला आणि १ एप्रिल १९३६ रोजी तो पुन्हा वेगळा काढला. नव्वद वर्षांच्या ह्या जोडणीचा लाभ संशोधकास कसा होतो, हे पुढे येईल.

३. आडनाव हे साधन

सिंधी घराण्यांनी जे बरोबर आणले आणि जे कोणत्याही नाक्यावर काढून घेता आले नाही, ते म्हणजे आडनाव. हैदराबादकडील आमिल व भाईबंद घराण्यांची आडनावे बहुशः 'आणी' प्रत्ययान्त आहेत. हा प्रत्यय गावाला लागत नाही, पूर्वजाच्या नावाला लागतो. मीरचंदाचे वंशज मीरचंदाणी, गिदूमलाचे गिदवाणी, आडूमलाचे अडवाणी. नावाच्या शेवटचा 'मल', 'राम', 'दास' असा भाग गळतो आणि उरलेल्या अंगास प्रत्यय जोडला जातो. हा प्रत्यय केवळ हिंदूंचा नाही. बलुच टोळ्यांच्या शाखांतही तो आढळतो. मरी टोळीची बिजाराणी ही शाखा त्याचे उदाहरण होय. उत्तर सिंधकडे 'जा' प्रत्ययान्त आडनावे अधिक दिसतात. तलरेजा, मखीजा, रहेजा ही त्यांपैकी परिचित नावे. अर्थात आडनावाच्या शेवटावरून घराणे दक्षिण सिंधचे की उत्तर सिंधचे, ह्याचा पहिला अंदाज बांधता येतो. अंदाजाहून अधिक वजन त्यास देऊ नये.

मराठी 'कर' आणि सिंधी 'आणी' ह्यांतील भेद केवळ व्याकरणाचा नाही. 'कर' हे स्थळ जपते आणि व्यक्ती विसरते. पेणकरास आपला मूळ पुरुष कोण हे आडनावावरून कळत नाही. 'आणी' हे व्यक्ती जपते आणि स्थळ विसरते. मीरचंदाणीस मीरचंद कोठला हे आडनाव सांगत नाही. त्यामुळे एकाच सिंधी आडनावाची दोन कुटुंबे एकाच मीरचंदाची असतीलच असे नाही. त्या नावाचे पुरुष अनेक गावी होऊन गेले. येथे 'नुख' हे दुसरे साधन उपयोगी पडते. नुख म्हणजे आडनावाहून मोठे, जुने कुळ. सोयरीक जुळविताना ते विचारण्याची चाल होती. आडनाव एक पण नुख भिन्न असेल, तर ती दोन घराणी समजावीत. ज्या कुटुंबात नातवंडांना नुख ठाऊक नसते, तेथेही आजीला ते बहुधा ठाऊक असते, कारण विवाह जुळविणे हे स्त्रियांच्या स्मरणाचे क्षेत्र होते.

आडनावातील पूर्वज किती जुना, हे ठरविण्यास एक साधे गणित आहे. हैदराबाद शहर गुलामशाह कल्होडा याने १७६८ मध्ये वसविले. त्या सुमारास तेथे आलेल्या एखाद्या मूळ पुरुषापासून १९४७ पर्यंत १७९ वर्षे होतात. एक पिढी २५ ते ३० वर्षांची धरली, तर मध्ये सहा ते सात पिढ्या हव्यात. घरातील वृद्धाने मूळ पुरुष आणि स्वतःचे आजोबा ह्यांच्या दरम्यान एक-दोनच नावे सांगितली, तर मधली नावे गळाली आहेत हे उघड होते. वृद्ध खोटे सांगत नसतो. स्मृतीची रीतच अशी आहे की ती आरंभ आणि अलीकडचे तेवढे राखते आणि मधला भाग मिटवून टाकते.

४. दुहेरी स्थलांतर : एक तुलना

ह्या ठिकाणी दूरच्या एका उदाहरणाचा विचार उपयुक्त ठरेल. अठराव्या शतकात आयर्लंडमधून अमेरिकेत जाऊन पेनसिल्व्हेनिया आणि त्यापुढील दऱ्याखोऱ्यांत वस्ती केलेल्या कुटुंबांत अल्स्टर प्रांतातील प्रेस्बिटेरियन पंथीयांचा भरणा मोठा होता. ही कुटुंबे मुळात आयर्लंडची नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभी अल्स्टरमध्ये वसाहत करण्याचे जे धोरण इंग्लंडच्या राजसत्तेने अंगीकारले, त्यानुसार व त्यानंतर त्यांचे पूर्वज स्कॉटलंडमधून तेथे आले होते. म्हणजे त्यांचे स्थलांतर दुहेरी होते. त्यांच्या वंशजांस अमेरिकेतील पहिला पूर्वज ठाऊक असतो, मूळ स्कॉटलंडची आख्यायिका ठाऊक असते. मधल्या अल्स्टरमधील तीन-चार पिढ्या मात्र धूसर असतात.

कागदांची स्थितीही तशीच. अमेरिकन सरकारने जहाजावरील उतारूंच्या याद्या बंदरात दाखल करून घेण्याचा कायदा १८१९ मध्ये केला. त्यापूर्वी आलेल्यांच्या नियमित याद्या नाहीत. १७९० पासूनच्या जनगणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. घरातील प्रत्येकाचे नाव १८५० पासून नोंदले जाऊ लागले. इकडे डब्लिनमधील सार्वजनिक दप्तरखाना जून १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी जळाला आणि एकोणिसाव्या शतकातील जुन्या जनगणनांचे बहुतेक कागद नष्ट झाले. म्हणून तेथील संशोधक जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, चर्चच्या नोंदी आणि आडनावे ह्यांवर विसंबतात. आयरिश आडनावांतील 'मॅक' म्हणजे पुत्र आणि 'ओ' म्हणजे वंशज. सिंधी 'आणी'शी ह्यांचे साम्य सहज दिसते.

सिंधी घराण्यांचे स्थलांतरही पुष्कळदा दुहेरी आहे. हैदराबादच्या अनेक आमिल घराण्यांची परंपरा आपला मूळ पुरुष मुलतानकडून अथवा पंजाबच्या अन्य भागातून कल्होड्यांच्या नोकरीसाठी सिंधमध्ये आला असे सांगते. भेरूमल मेहरचंद अडवाणी यांनी आमिलांविषयी आणि सिंधमधील हिंदूंविषयी जे ग्रंथ सिंधीत लिहिले, त्यांत अशा घराण्यांची हकीकत संगृहीत आहे. म्हणजे ज्यास आज 'मूळ गाव' म्हणून हैदराबाद सांगितले जाते, तेही एकदा परके गावच होते. तुलनेचा निष्कर्ष असा की, स्थलांतरित घराण्याचा इतिहास सलग रेषेसारखा मिळत नाही. तो ओलांडलेल्या उंबरठ्यांच्या ठिकाणी मिळतो, कारण कागद तेथेच होतात. प्रत्येक उंबरठ्यावर कोणीतरी विचारतो : तू कोण, कोणाचा, कोठून आलास, आणि तुझा हक्क काय? कुलवृत्तान्त म्हणजे ह्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा संग्रह होय.

५. सीमेअलीकडील कागद

मूळ दप्तर पलीकडे राहिले असले तरी अलीकडे चार प्रकारचे कागद उपलब्ध होऊ शकतात.

पहिला प्रकार मुंबई इलाख्याच्या दप्तराचा. १८४७ ते १९३६ ह्या काळातील सिंधविषयक शासकीय पत्रव्यवहाराचा मोठा भाग मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. त्यात महसूल व न्याय खात्यांत नोकरी केलेल्या आमिलांच्या नेमणुका व बढत्या सापडण्याचा संभव असतो. शिक्षणाची कथाही तीच. कराचीचे दयाराम जेठमल सिंध कॉलेज १८८७ मध्ये निघाले आणि ते मुंबई विद्यापीठास संलग्न होते. सिंध विद्यापीठ १९४७ मध्ये स्थापन होईपर्यंत सिंधमधील विद्यार्थ्यांच्या पदव्या मुंबईच्याच होत्या. पदवीधर पूर्वज असलेल्या कुटुंबाचा शोध म्हणूनच कराचीपेक्षा मुंबईत आरंभणे सोपे असते.

दुसरा प्रकार तीर्थक्षेत्रींच्या वह्यांचा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्या मराठी संशोधकास परिचित आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या त्याच जातीच्या. यजमान कोणत्या गावचा ह्यावरून पंडा ठरतो. आलेला यजमान आपले नाव, बापाचे व आजाचे नाव, बरोबर आलेल्यांची नावे आणि येण्याचे कारण लिहून ठेवतो. अस्थिविसर्जनासाठी आलेल्याच्या नोंदीत मृत्यू झालेल्याचे नावही येते. ह्या साधनाचे वैशिष्ट्य असे की, गाव पाकिस्तानात गेले तरी गावाची वही हरिद्वारलाच राहिली. जे दप्तर फाळणीच्या आधीपासूनच अलीकडे होते, असे हे घराण्यांचे एक महत्त्वाचे दप्तर होय. ह्या वह्यांपैकी पुष्कळांची सूक्ष्मपटांवर छायाचित्रेही घेतली गेली आहेत. निर्वासित झाल्यानंतर जवळचे क्षेत्र म्हणून नाशिकला गेलेल्या कुटुंबाची पुढील पिढ्यांची नोंद तेथे असू शकते. तेव्हा दोन्ही ठिकाणी शोध घेणे इष्ट.

तिसरा प्रकार व्यापाराचा. हैदराबादचे भाईबंद व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'सिंधवर्की' ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. सिंधी कारागिरीच्या आणि पुढे रेशमी व कलाकुसरीच्या वस्तूंचा व्यापार त्यांनी इजिप्तपासून जपानपर्यंत नेला. त्यांच्या पेढ्या आपल्या नोकरांस काही वर्षांच्या कराराने परदेशी पाठवीत. अशा करारपत्रांत, पेढीच्या पत्रव्यवहारात आणि पारपत्रांत नोकराच्या बापाचे नाव व गाव येते. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत चालत. त्यांच्या वह्यांचेही महत्त्व तेच. ज्या घराचे कागद कराचीत राहिले, त्याच घराचे पत्र सिंगापूरच्या किंवा जिब्राल्टरच्या शाखेत असू शकते.

६. हक्काचा कागद आणि कुटुंबाचा आकार

चौथा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आणि वाचावयास सर्वांत कठीण. तो म्हणजे १९४७ नंतर भारतात निर्वासित म्हणून दाखल केलेले कागद.

राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाचा निर्णय केला. त्या व्यक्तीचा, तिच्या आईबापांपैकी कोणाचा, अथवा आजा-आजींपैकी कोणाचा जन्म अविभक्त हिंदुस्थानात झालेला असावा, अशी अट त्यात आहे. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यास येथील वास्तव्य पुरे होते. त्या दिवशी वा त्यानंतर आलेल्यास नोंदणी करावी लागली. म्हणजे येण्याची तारीख ही केवळ आठवण राहिली नाही. तिला कायद्याचे मोल आले. घरातील हकीकत आणि कागदावरील तारीख ह्यांत तफावत दिसली, तर हे मोल लक्षात घेऊनच तिचा अर्थ लावावा.

मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांसाठी १९५० मध्ये दाव्यांचा कायदा आणि १९५४ मध्ये नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा झाला. दावा करणाऱ्याने मालमत्तेचे वर्णन, तिचे मूल्य आणि तीवरील आपला हक्क दाखवावयाचा होता. वडिलोपार्जित घरावरील हक्क सांगावयाचा म्हणजे वंशावळ सांगणे आलेच. अशा रीतीने ज्या कुटुंबाने सिंधमध्ये वंशवृक्ष कधी लिहिला नव्हता, त्यानेही तो उल्हासनगरच्या बराकीत बसून लिहिला.

परंतु हा वंशवृक्ष कोणत्या साच्यात लिहिला गेला, हे पाहणे अगत्याचे आहे. भरपाईचे प्रमाण सरसकट एक नव्हते. दावा जितका मोठा, तितके प्रमाण कमी. म्हणून एकत्र कुटुंबाचा दावा एकच धरावा की विभागून धरावा, ह्यावर मिळणारी रक्कम अवलंबून होती. १९५५ च्या नियमांपैकी १९ व्या नियमाने ह्याचा निवाडा केला. कुटुंबात वाटणी मागण्यास पात्र असे दोन वा तीन सदस्य असतील, तर दाव्याचे दोन समान भाग कल्पून प्रत्येकावर भरपाई काढावी. चार वा अधिक असतील, तर तीन भाग कल्पावेत. मात्र २६ सप्टेंबर १९५५ रोजी अठरा वर्षांखालील असलेला, अथवा हयात असलेल्या दुसऱ्या पात्र सदस्याचा पुरुषपरंपरेतील वंशज असलेला सदस्य ह्या गणनेत धरावयाचा नाही.

ह्याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. कॅंपमधील एका बराकीत चार सज्ञान भावांचे एकत्र कुटुंब राहते आहे असे समजू. त्यांचा बाप त्या दिवशी हयात असेल, तर चौघेही त्याचे वंशज म्हणून गणनेतून वगळले जातात आणि दावा एकच राहतो. बाप वाटेत वा कॅंपमध्ये मरण पावला असेल, तर चौघे चार सदस्य ठरतात आणि दाव्याचे तीन भाग होतात. चौघांपैकी एक भाऊ १४ ऑगस्ट १९४७ नंतर वारला असेल आणि मागे विधवा व मुलगे असतील, तर हे सर्व वारस मिळून एक सदस्य धरले जातात. तेव्हा ह्या फायलीत बापाच्या मृत्यूची तारीख, भावांची वये आणि विधवांची नावे अगदी बारकाईने आढळतात. त्याच फायलीत मुलींचा, विवाहित बहिणींचा आणि अज्ञान मुलांचा उल्लेख अनेकदा नसतो, कारण त्यांच्या असण्या-नसण्याने रकमेत फरक पडत नव्हता. ज्याचा उल्लेख नाही तो कुटुंबात नव्हता, असे अनुमान करणारा संशोधक येथे फसतो. शासनाने जेवढे विचारले तेवढे कुटुंब कागदावर आले. उरलेले कुटुंब कागदाबाहेर होते.

हे कायदे २००५ मध्ये रद्द झाले. भरपाईचे साधन म्हणून त्या फायलींचे आयुष्य संपले. इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे महत्त्व आता कुठे सुरू होते.

७. स्त्रियांची नावे आणि लिपीचा प्रश्न

सिंधी घराण्यांतही विवाहानंतर वधूचे नाव बदलण्याची चाल होती. म्हणून एकाच स्त्रीची दोन नावे असतात. एक माहेरच्या कागदात, दुसरे सासरच्या. हरिद्वारच्या वहीत ती कोणाची पत्नी वा माता म्हणून येते, दाव्याच्या फायलीत विधवा म्हणून येते. दोन्ही नावे जोडणारा दुवा बहुधा तोंडी असतो. तो दुवा जिच्याकडे आहे, तिला विचारल्याखेरीज वंशवृक्षाचा अर्धा भाग भरणार नाही. मराठी कुलवृत्तान्तांतही हीच उणीव आहे, हे येथे सांगितले पाहिजे.

लिपीचा प्रश्न याहून तातडीचा आहे. इंग्रजी अमदानीत १८५३ मध्ये सिंधीसाठी ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी सरकारमान्य झाली. शाळा व कचेऱ्यांतील कागद तीत आहेत. व्यापाऱ्यांच्या वह्या मात्र हटवाणिकी वा खुदावादी नावाच्या जुन्या लिपीत आहेत. तीत स्वरचिन्हे पुष्कळदा गाळली जात. त्यामुळे एकच शब्द दोन-तीन तऱ्हांनी वाचता येतो आणि माणसाच्या नावाविषयी घोटाळा होतो. भारतात आल्यावर देवनागरी लिपीचा पुरस्कार झाला आणि अरबी की देवनागरी हा वाद दीर्घकाळ चालला. १९६७ मध्ये सिंधी भाषेस घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण तोवर उल्हासनगरातील पुष्कळ मुले हिंदी, मराठी वा इंग्रजी माध्यमाकडे वळू लागली होती. परिणामी आजोबांच्या हातचे पत्र नातवाला वाचता येत नाही. मराठी घराण्यांत मोडीचे जे झाले, तेच येथे एका पिढीत झाले. मोडी वाचणारे तज्ज्ञ निदान काही संस्थांनी तयार केले. हटवाणिकी वाचणारे फारच थोडे उरले आहेत. न वाचता येणारा कागद घरात फार दिवस टिकत नाही. घर बदलताना तो प्रथम टाकला जातो.

८. अभ्यासाची दिशा

मुंबई विद्यापीठाने १९५९ मध्ये यू. टी. ठाकूर यांचा सिंधी संस्कृतीवरील समाजशास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला. त्याआधी व्हिक्टर बार्नो यांनी पिंपरीच्या सिंधी वसाहतीच्या समाजरचनेचा अभ्यास केला होता. हे अभ्यास जातिसंस्था, विवाह व चालीरीती ह्यांविषयी आहेत. एकेका घराण्याचा वृत्तान्त कागद व तोंडी साक्ष ताडून लिहिण्याचे काम मात्र त्यांच्या कक्षेबाहेरचे होते.

ते काम करावयाचे तर क्रम उलटा धरावा लागेल. मूळ पुरुषापासून खाली येण्याची मराठी कुलवृत्तान्ताची रीत येथे सोयीची नाही. बराकीतील पहिल्या नोंदीपासून आरंभ करावा. प्रथम आजचा पत्ता व शाळेचे दाखले. दाखल्यावरील जन्मतारीख नाव घालताना सांगितलेली असते, हे ध्यानात ठेवावे. मग दाव्याची फाईल. तिच्यातील पोकळ्या स्त्रियांच्या तोंडी साक्षीने भराव्यात. त्यानंतर बंदर वा रेल्वे ओलांडल्याची हकीकत, मग हरिद्वारची वही आणि मुंबईचे दप्तर. अखेरीस आडनावातील पूर्वज. आणि त्याच्या व ज्ञात आजोबांच्या मधल्या पिढ्या मोजून जेवढ्या सापडल्या नाहीत, तेवढ्या जागा रिकाम्या ठेवाव्यात. प्रामाणिकपणे रिकामी ठेवलेली जागा चुकीने भरलेल्या नावापेक्षा पुढील संशोधकास अधिक उपयोगी पडते.

कागद थांबू शकतात, साक्षी थांबत नाहीत. १९४७ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहे. कराचीच्या धक्क्यावर कोणाचा हात धरला होता, कोणते गाठोडे मागे राहिले, आजीचे माहेरचे नाव काय होते, हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी होय. शिलाहारांना आपले तगर ताम्रपटावर कोरून ठेवता आले. बराकीत राहिलेल्या कुटुंबांना ते साधन नव्हते. त्यांचे तगर अजून काही थोड्या वृद्ध माणसांच्या बोलण्यात आहे. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथून विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्यांस त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही.